‘डाउनवर्ड स्पायरल’मधला गोंगाट कसा घडतो

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

नाइन इंच नेल्स या अमेरिकी बँडच्या ‘द डाउनवर्ड स्पायरल’ या दुसऱ्या अल्बमवर आपल्या पुरवणीत लेख आलेला पाहून आनंद झाला. हा आनंद दुसऱ्या परिच्छेदापर्यंत टिकला. ॲम्प्लिफायरची बटणे शेवटच्या आकड्यापर्यंत पिरगाळायची, ड्रमरला मोकाट सोडायचे आणि वर किंचाळायचे, की झाला अल्बम, असा त्या लेखाचा एकूण सूर आहे. अल्बम कुणाला आवडला नाही तर त्यावर आमचे काहीच म्हणणे नाही. तो न आवडण्याजोगे त्यात पुष्कळ आहे. पण तो कसा बनला याबद्दलची विधाने तपासून पाहता येतात आणि ती चुकीची आहेत. या अल्बममधला गोंगाट मोजून-मापून घडवलेला आहे. तसा आवाज करू पाहणाऱ्या नवख्या मुलांचे काम फसते तेही याच गैरसमजामुळे. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

आधी किरकोळ चुका उरकून घेतो. लेखात या अल्बमला तिसरा म्हटले आहे. १९८९ चा ‘प्रिटी हेट मशीन’ हा पहिला. मधे १९९२ मध्ये आलेला ‘ब्रोकन’ हा ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांचा छोटा संच आहे, पूर्ण लांबीचा अल्बम नव्हे, म्हणून ८ मार्च १९९४ ला आलेला ‘डाउनवर्ड स्पायरल’ दुसरा ठरतो. बँड आपल्या प्रकाशनांना ‘हेलो’ नावाने जे क्रमांक देतो त्यांत हा आठवा लागतो, कारण तिथे सिंगल आणि रिमिक्सही धरले जातात. घोळ तिथून झाला असावा. ‘हर्ट’ हे गाणे मुळात कंट्री गायक जॉनी कॅश यांचे, हे विधान तर पूर्ण उलटे आहे. गाणे या बँडचे सर्वेसर्वा ट्रेंट रेझनर यांचे, या अल्बममधले शेवटचे. कॅश यांनी ते २००२ मध्ये गायले आणि एक शिवीचा शब्द काढून तिथे काट्यांचा मुकुट आणला. दोन्हींना जोडणारा धागा हवाच असेल तर तो मार्क रोमानेक या दिग्दर्शकाचा आहे: याच अल्बममधल्या ‘क्लोजर’चा व्हिडिओ त्यांचा आणि कॅश यांच्या ‘हर्ट’चाही त्यांचाच. आणखी एक. हा अल्बम ‘काही मोजक्या माथेफिरूंनी’ विकत घेतला, असे लेखात आहे. अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत तो थेट दुसऱ्या क्रमांकावर दाखल झाला होता. त्याच दिवशी बाजारात आलेला साउंडगार्डनचा ‘सुपरअननोन’ तेवढा त्याच्या पुढे होता.

‘बँड’ या शब्दानेही फसगत होते. मंचावर तो बँड असतो. स्टुडिओत त्या काळी नाइन इंच नेल्स म्हणजे जवळजवळ एकटे रेझनर. सोबत सहनिर्माता फ्लड, मिक्सिंगला प्रामुख्याने ॲलन मोल्डर, ड्रम आणि सॅम्पलिंगच्या (आवाजाचे तुकडे टिपून पुन्हा वापरण्याच्या) कामाला ख्रिस व्रेना, आणि बोलावलेले काही वादक. चार-पाच जणांनी एका खोलीत एकदम वाजवले आणि माइकने टिपले, असे इथे जवळपास कुठेच घडलेले नाही. हे ध्यानात घेतले नाही तर पुढचे काहीच उमगणार नाही.

लेखाचा तिसरा हिस्सा घराच्या कथेवर खर्ची पडला आहे, म्हणून त्याबद्दल दोन वाक्ये. ध्वनिमुद्रणाचे बरेचसे काम लॉस एंजेलिसमधल्या सिएलो ड्राइव्हवरच्या घरात झाले, जिथे १९६९ मध्ये चार्ल्स मॅन्सनच्या टोळीने अभिनेत्री शॅरन टेट आणि इतरांचे खून केले होते. घर १९९४ मध्ये पाडले गेले, रेझनर यांनी तिथला दरवाजा न्यू ऑर्लीन्सच्या आपल्या स्टुडिओत नेला, आणि पुढे टेट यांच्या बहिणीशी गाठ पडल्यावर आपण केले ते कसे दिसते याची जाणीव झाल्याचे त्यांनीच सांगितले. हे सगळे खरे आहे. पण त्या भिंतींमुळे अल्बमला ‘तो’ आवाज आला, हे म्हणणे म्हणजे विहिरीचे पाणी गोड लागले म्हणून रहाटाचे कौतुक करण्यासारखे आहे. बहुतेक आवाज खोलीच्या हवेतून गेलेलेच नाहीत. ते तारेतून आले.

गिटारच घ्या. भिंतीएवढे ॲम्प्लिफायर रचून त्यांच्यासमोर माइक लावणे ही रॉकची रूढ पद्धत. रेझनर यांनी गिटार झूम ९०३० सारख्या छोट्या डिजिटल प्रोसेसरमधून थेट आत घेतली आणि पुढे संगणकात टर्बोसिंथ या प्रोग्राममध्ये तिची मोडतोड केली. टर्बोसिंथमध्ये आवाजाचा तुकडा भरायचा, पडद्यावर त्याला फिल्टर, मॉड्युलेटर वगैरे खोके जोडायचे, निघालेला तुकडा सॅम्पलरला पाठवायचा आणि मग तो कीबोर्डवर वाजवायचा. म्हणजे कानावर येते ती गिटार असते, पण वाजते कळफलकावर. या अल्बममधल्या गिटारी मधमाश्यांच्या मोहोळासारख्या भणभणतात त्यालाही कारण आहे. गिटारच्या स्पीकरचा कागदी कोन साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचे आवाज फारसे काढू शकत नाही, त्यामुळे डिस्टॉर्शनने (त्याचा खुलासा पुढच्या परिच्छेदात) तयार झालेली वरची कुरकुर तिथेच गाळली जाते. थेट तारेतून घेतलेल्या गिटारला ही गाळणी नसते. नवखे लोक इथेच अडतात: आवाज किरटा लागला की आणखी गेन, म्हणजे सिग्नलची पातळी, वाढवतात आणि कुरकुर दुप्पट होते. उपाय उलटा आहे. डिस्टॉर्शनच्या नंतर ५,००० ते ६,००० हर्ट्झच्या आसपास लो-पास फिल्टर (वरचे आवाज गाळणारा) लावा, आणि वरची कुरकुर हवी तिथे मुद्दाम उघडा. आमच्या मते या अल्बममध्ये ती बऱ्याच ठिकाणी मुद्दाम उघडी ठेवली आहे, आणि ज्यांना तो आवाज ‘स्वस्त’ वाटतो त्यांच्या कानाला खटकते ती हीच गोष्ट.

डिस्टॉर्शन म्हणजे काय, हे इथे एकदा नीट सांगितले पाहिजे, कारण लेखात तो शब्द ‘मोठा आवाज’ या अर्थाने आला आहे. डिस्टॉर्शन म्हणजे लहरीचे शेंडे छाटणे. १०० हर्ट्झची साधी लहर वरून-खालून सारखी छाटली की ३००, ५००, ७०० हर्ट्झचे नवे स्वर तिच्यातून निघतात. एकाच बाजूने जास्त छाटली की २०० आणि ४०० सुद्धा येतात. गंमत दोन स्वर एकत्र छाटल्यावर सुरू होते. तेव्हा त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही जन्माला येतात. ४०० हर्ट्झ आणि त्याचा पंचम, म्हणजे समविभागी पट्टीत (जिथे सप्तकाचे बारा सारखे भाग असतात) सुमारे ५९९, यांची वजाबाकी १९९. खालच्या सप्तकातल्या २०० च्या इतकी जवळ की आवाज भरदार होतो. आता ४०० सोबत शुद्ध गंधार लावा. तो पडतो ५०४ वर आणि वजाबाकी येते १०४, जिथे सुरात बसायला १०० हवे होते. हा चार हर्ट्झचा फरक खाली घरघरत राहतो. रॉकमध्ये गंधार गाळून नुसता षड्ज-पंचमाचा ‘पॉवर कॉर्ड’ वाजवतात तो याचसाठी. पूर्ण कॉर्ड डिस्टॉर्शनमधून काढायचाच असेल तर तीन स्वर तीन वेगळ्या ट्रॅकवर घ्या, प्रत्येकाला वेगळे डिस्टॉर्शन द्या आणि मग मिसळा. स्वर छाटणीनंतर एकत्र आले तर वजाबाकीचे स्वर निघत नाहीत. संगणकावर हे काम पाच मिनिटांचे आहे, तरी करतो कोण?

याच मुद्द्याला लागून ‘हर्ट’. त्याच्या कडव्यांत गिटारच्या आकृतीत ट्रायटोन, म्हणजे षड्ज ते तीव्र मध्यम एवढे अंतर, ठाण मांडून बसवला आहे. गिटार तिथे फारशी विकृत नाही, तरी तो स्वर दर वेळी दातांखाली खडा यावा तसा येतो. लेखकाने याला ‘बेसूर गिटार’ म्हटले आहे. ती बेसूर नाही. सुरात आहे म्हणूनच टोचते.

बास आणि खालचे ड्रम छाटताना वेगळीच अडचण उभी राहते. छाटणीत वरचे स्वर वाढतात आणि त्या मानाने मूळ खालचा स्वर मागे पडतो, त्यामुळे आवाज रागीट होतो पण पोट रिकामे राहते. यावरची जुनी युक्ती अशी: सिग्नलच्या दोन प्रती करा. पहिलीला १२० ते १५० हर्ट्झच्या वरचे सगळे कापून स्वच्छ ठेवा. दुसरीला त्याच आकड्याच्या खालचे कापून हवे तेवढे डिस्टॉर्शन द्या. मग दोन्ही मिसळा. मिसळल्यावर आवाज भरण्याऐवजी पोकळ झाला तर दोन शक्यता असतात. एक, दुसरी प्रत उलट्या ध्रुवतेने, म्हणजे लहरीचे चढ-उतार उलटून, येते आहे. ध्रुवतेचे बटण दाबून बघा. दोन, प्रक्रियेत ती उशिरा येते आहे. फक्त १ मिलिसेकंदाचा उशीरही ५०० हर्ट्झवर दोन्ही प्रतींना एकमेकांविरुद्ध उभे करतो, पुढे १,५०० वर, २,५०० वर तसेच. म्हणून दोन्ही प्रती पडद्यावर मोठ्या करून लहरीचा पहिला चढ एका रेषेत आहे का ते डोळ्यांनी पाहावे. कान इथे पटकन फसतो.

आणि खरखर. ४० डेसिबल गेन दिला की गिटारमधली ‑७० डेसिबलवर निजलेली गुणगुण ‑३० वर येऊन बसते, म्हणजे शांत जागी स्पष्ट ऐकू येते. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे यंत्र) डिस्टॉर्शनच्या नंतर लावणे ही सर्रास होणारी चूक, कारण तोपर्यंत सूर आणि खरखर यांच्यातले अंतर चेपले गेलेले असते आणि गेटला काय राखावे, काय टाकावे हे कळत नाही. तो अडखळत उघड-मीट करतो. गेट आधी हवा. किंवा नंतर ठेवून त्याला उघडण्याची सूचना मूळ स्वच्छ सिग्नलवरून द्यावी. या अल्बममध्ये आवाज चाकूने कापल्यासारखा थांबतो आणि पुढच्या क्षणी पूर्ण शांतता असते, असे प्रसंग कितीतरी आहेत. ती शांतता आपोआप येत नाही.

आता ‘मोकाट ड्रमर’. अल्बममध्ये प्रत्यक्ष वाजवून घेतलेले ड्रम मोजकेच आहेत. ‘पिगी’च्या शेवटाकडे जे सैरभैर ड्रम येतात ते स्वतः रेझनर यांनी, माइकची मांडणी तपासताना वाजवलेले, ते आवडले म्हणून ठेवले. ‘आय डू नॉट वॉन्ट धिस’मध्ये जेन्स ॲडिक्शन या बँडचे ड्रमर स्टीफन पर्किन्स यांच्या वाजवण्याचे लूप (पुन्हा पुन्हा फिरवलेले तुकडे) आहेत. बाकी बहुतेक ठिकाणी सॅम्पल आणि यंत्रे. ‘क्लोजर’चा तो छातीत बसणारा बास ड्रम तर दुसऱ्याच गाण्यातून उचललेला आहे: गायक इगी पॉप यांच्या १९७७ च्या ‘नाइटक्लबिंग’मधल्या ड्रम मशीनचा ठोका, बराच बदलून.

‘क्लोजर’ची गती मिनिटाला ९० ठोके आहे, आणि लूप शिकायला हा आकडा फार सोयीचा. एक ठोका ०.६६७ सेकंदाचा, चार ठोक्यांचा लूप २.६६७ सेकंदांचा. सीडीच्या सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या (आवाजाच्या मोजणींच्या) दराने तो बरोबर १,१७,६०० नमुन्यांचा होतो, एकही कमी-जास्त नाही. आता कुणी डोळ्यांच्या अंदाजाने लूप कापला आणि १०० नमुने जास्त राहिले, तर चूक आहे फक्त सव्वादोन मिलिसेकंदांची. पहिल्या वेळी कुणालाच कळणार नाही. पण लूप स्वतःच्या शेपटीला धरून फिरत असेल तर तिसाव्या फेरीला तो ६८ मिलिसेकंद मागे पडलेला असतो, आणि तोवर दोन ठोके वेगवेगळे ऐकू येऊ लागतात. म्हणून लूपची लांबी कानाने ठरवू नये, भागाकार करून ठरवावी. आणि लूप एकदा सोडून न देता प्रत्येक आवर्तनाला नव्याने सुरू करावा. कापताना दोन्ही टोके लहर शून्य रेषा ओलांडते तिथेच हवीत, तेही चढती असताना दोन्हीकडे चढती. नाहीतर प्रत्येक सांध्यावर ‘टिक्’ वाजते. इंडस्ट्रियल, म्हणजे या अल्बमसारख्या यंत्रांच्या गोंगाटाच्या, संगीतात टिक् चालते असे काही जण म्हणतात. चालते, हवी तिथे, हवी तेव्हा.

‘मार्च ऑफ द पिग्स’बद्दल ‘ताल सोडून धावणारे गाणे’ असा शेरा आहे. मराठी वाचकाला हा ताल समजावणे खरे तर सोपे आहे. सात, सात, सात आणि आठ. रूपकाची मात्रासंख्या तीनदा आणि केरव्याची एकदा. एकूण एकोणतीस मात्रा, की पुन्हा पहिल्या मात्रेवर. गती मिनिटाला सुमारे २६९ ठोके. (रूपक-केरव्याची तुलना फक्त मोजण्यापुरती, वजन वेगळे पडते.) पायाने ठेका धरणारा माणूस सातांना आठ समजतो आणि दर वेळी एक मात्रा उशिरा पोहोचतो, आणि चौथ्या खेपेला खरे आठ आले की त्याला वाटते, आता जुळले. तेवढ्यात पुन्हा सात. मधेच सगळे थांबते आणि एकटा पियानो जवळजवळ गोडीने दोन ओळी वाजवतो. ताल सुटलेल्या माणसांना असे थांबता येत नाही.

चित्रपटांतून उचललेल्या आवाजांचा उल्लेख लेखात आहे, पण उदाहरण नाही. अल्बमची सुरुवातच तशी आहे: ‘मिस्टर सेल्फ डिस्ट्रक्ट’च्या आरंभी येणारे फटके जॉर्ज लुकास यांच्या १९७१ च्या ‘टीएचएक्स ११३८’मधल्या मारहाणीच्या दृश्यातले. ‘द बिकमिंग’मागच्या किंकाळ्या ‘रोबॉट जॉक्स’मधल्या. असा आवाज उचलून तो आपलासा करण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे वेग बदलणे. जुन्या सॅम्पलरवर एक सप्तक खाली वाजवले की तुकडा दुप्पट लांब होतो. एक अर्धस्वर खाली वाजवला की सुमारे सहा टक्के. पत्र्यावरचा अर्ध्या सेकंदाचा ठोका दोन सप्तके खाली उतरवला तर दोन सेकंदांची घंटा मिळते, आणि ती घंटा कुठल्या पत्र्यातून आली हे कुणाला ओळखू येत नाही. उलट, तुकडा कमी दराने नमुने घेऊन मुद्दाम बिघडवताही येतो. सेकंदाला ११,०२५ नमुन्यांच्या दराला ५,५१२ हर्ट्झच्या वरचे काही मावत नाही. आधी फिल्टर लावला नाही तर ७,००० हर्ट्झचा स्वर आरशात दिसावा तसा उलटून ४,०२५ वर येतो. त्याचा मूळ सुराशी काही संबंध राहत नाही, म्हणून तो धातूसारखा खणखणतो. बिट, म्हणजे प्रत्येक नमुना लिहिण्याची बारकाई, कमी करण्याचा हिशेब वेगळा: प्रत्येक बिटामागे सुमारे ६ डेसिबल, म्हणजे १६ बिटांना ९६ आणि ८ बिटांना ४८. ८ बिटांवर आवाज विरताना शेवटी तुटक करकर उरते. जुन्या यंत्रांत हे नाइलाजाने होई, कारण स्मृती महाग होती. २ मेगाबाइटमध्ये सीडीच्या दर्जाचा एकेरी आवाज जेमतेम २४ सेकंद मावे. आज ते मुद्दाम करावे लागते आणि अर्थातच लोक प्रमाणाबाहेर करतात.

‘द बिकमिंग’मध्ये एड्रियन बेल्यू यांची रिंग मॉड्युलेटरमधून काढलेली गिटार आहे. तिच्याबद्दल लेखकाने ‘तुटलेली तार’ असे लिहिले म्हणून थोडक्यात. रिंग मॉड्युलेटर दोन लहरींचा गुणाकार करतो. गिटारचा ४४० आणि यंत्राचा १०० हर्ट्झ आत गेले तर बाहेर ३४० आणि ५४० येतात, मूळचे दोन्ही नाहीसे. गिटार पुढच्या स्वरावर, ४९४ वर गेली की ३९४ आणि ५९४. स्वर वर सरकतो, पण त्या जोडीतले प्रमाण बदलते, म्हणून कुठलीही ओळखीची चाल धातूच्या पट्टीवर वाजवल्यासारखी वाकडी होते. त्या गाण्याचा विषय माणूस यंत्र होत जाण्याचा आहे. वाद्याची निवड उगाच झालेली नाही.

अल्बमला गोष्ट आहे, एका माणसाच्या घसरणीची, हे लेखात आले आहे; ती स्वरांतही आहे हे आलेले नाही. ‘क्लोजर’च्या अगदी शेवटी, सगळे वाद्यवृंद गळून पडत असताना पियानोवर एक उतरती स्वरावली ऐकू येते. तीच पुढे तेराव्या, अल्बमच्याच नावाच्या गाण्यात येते, जिथे त्या माणसाचा शेवट होतो. ‘क्लोजर’ रेडिओवर ऐकणाऱ्यांपर्यंत ती बहुधा पोहोचलीच नाही, कारण गाणे शेवटपर्यंत लावतो कोण. आणि दहावे ‘अ वॉर्म प्लेस’ हे शब्दविरहित गाणे डेव्हिड बोवी यांच्या ‘क्रिस्टल जपान’ला फार जवळचे आहे, हे रेझनर यांनीही मान्य केले आहे. या अल्बमवर बोवी यांच्या ‘लो’ या अल्बमची छाया आहेच. गोंगाटाच्या अल्बममध्ये तीन-साडेतीन मिनिटे जवळजवळ कुजबुज ठेवण्याची हिंमत तिथूनच आली असावी.

ऐकण्याबद्दल मात्र लेखाने एकही शब्द खर्चला नाही, आणि निम्म्या वाचकांना अल्बम ‘एकसुरी’ वाटण्याचे कारण तिथेच दडले आहे. अल्बम साधारण ६५ मिनिटांचा, चौदा गाण्यांचा, आणि त्याचा कणा म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजांतले अंतर. संगीतसेवांच्या ॲपमध्ये आवाज एकसारखा करण्याची सोय असते, तीत अनेकदा ‑१४ लफ्स (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचे माप) हे लक्ष्य धरून प्रत्येक गाणे खाली-वर केले जाते. गाणी सुटी किंवा मिसळून लावली की ‘अ वॉर्म प्लेस’ वर खेचले जाते आणि ‘मिस्टर सेल्फ डिस्ट्रक्ट’ खाली दाबले जाते. मग दोन्ही सारखीच. ही सोय बंद करा, आणि गाणी क्रमाने लावा. गाण्यांमध्ये मध्यंतर पडू न देण्याची सोय मात्र चालू हवी. काही गाणी एकमेकांत ओघळतात. जुन्या एमपी३ फाइली असतील तर सांध्यावर हमखास अडखळ येते, कारण ती पद्धत आवाज १,१५२ नमुन्यांच्या चौकटींत भरते आणि शेवटची चौकट रिकाम्या जागेने पूर्ण करते. शिवाय १२८ केबीपीएसवर (सेकंदाला १२८ हजार बिटांवर) या अल्बमची फार दुर्दशा होते. अशा फाइली जागा वाचवतात ती आवाजातली ठरावीक, ओळखता येणारी रचना पकडून. खरखरीत तशी रचना नसते, त्यामुळे बिट पुरत नाहीत आणि खरखरीचा पाण्यासारखा खळखळाट होतो. ‘इरेझर’चा शेवट अशा फाइलीवर ऐकून कुणी हा अल्बम मोडीत काढला असेल तर त्याचा दोष नाही. सीडी किंवा न घटवलेली फाइल घ्या. पाच-अधिक-एक स्पीकरची सोय असलेल्यांसाठी २००४ मध्ये सराउंड मिश्रणाची आवृत्तीही निघाली. गिटारांचे थर सुटे करून ऐकायचे असतील तर ती उपयोगी आहे.

इक्वलायझरवर बास चढवू नका. चढवायचाच तर एकूण पातळी तेवढीच खाली घ्या, कारण ६ डेसिबल बास वाढवला की आधीच वरपर्यंत भरलेली लहर पुन्हा छाटली जाते. ही छाटणी मोल्डर यांची नव्हे, तुमच्या फोनची.

आणि कान. सर्वमान्य मर्यादांपैकी एक अशी की ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला चार, ९१ ला दोन, ९४ ला एक. अल्बम एक तास पाच मिनिटांचा आहे, म्हणजे ९४ वर एकदा पूर्ण ऐकला की त्या दिवसाचा कोटा संपून वर पाच मिनिटे उसनी. छाटलेल्या आवाजात शेंडा आणि सरासरी यांत फरक थोडा असतो, त्यामुळे तेवढ्याच शेंड्याच्या सतारीपेक्षा तो कानाला जास्त मार देतो, आणि सतत असल्यामुळे मोठा वाटणे लवकर थांबते. आवाज ठरवायचा तो पहिल्या गाण्याच्या सर्वांत मोठ्या जागी, बोलणे जेमतेम ऐकू येईल इतका. नंतर हात लावायचा नाही. हळू गाणी हळूच ऐकायची आहेत.

‘हर्ट’चा शेवट हे शेवटचे. गाणे एका प्रचंड विकृत कॉर्डवर आदळते, आणि मग बराच वेळ वाऱ्यासारखी घोंघावणारी खरखर उरते. लेखकाने त्याला ‘ध्वनिमुद्रणातला दोष’ म्हटले आहे. तो दोष नाही, कापूही नये. फक्त ती नीट ऐकू यावी म्हणून पुष्कळ जण तिथे आवाज वाढवतात. यंत्र ‘पुन्हा सुरू’वर असेल तर ती विरल्यावर लागलीच पहिले गाणे लागते, त्यातले फटके दुरून, जपून येतात, वाढत जातात, आणि मग सगळे एकदम कोसळते. त्याआधी हात बटणापर्यंत पोहोचत नाही.

आपले,
ध्वनिमिश्रण आणि सॅम्पलिंगचे काम करणारे तीन वाचक